समोरचा

पहाटे तीनला साताऱ्यात गठ्ठे भरायचे,
मेढा, केळघर, मग घाट चढून महाबळेश्वर.
नऊ वर्षं हेच.
गाडी जुनी वॅगन-आर, मागची सीट काढलेली,
दिव्यांच्या काचा पिवळ्या पडून आंधळ्या झालेल्या,
आणि उजेड असा
की काडी ओढून रस्ता हुडकावा.

म्हणून चौदाशे रुपयांची एक जोडी घेतली,
पांढरी, निळसर झाक असलेली.
दुकानातल्या पोरानं चहा निवायच्या आत
जुने बल्ब उपटून ही बसवली.
त्या रात्री झाडांची पानं मोजता आली,
पार वरच्या फांदीवरची.
वरच्या फांदीवर उजेड कशाला,
हे काही मला सुचलं नाही.

केळघरच्या अलीकडं एक दूधवाला रोज समोरून यायचा,
मोटारसायकलला दोन्ही अंगांनी किटल्या.
नऊ वर्षांत त्यानं ओळख दिली नव्हती.
नव्या दिव्यांच्या दुसऱ्याच पहाटे
त्यानं कपाळापर्यंत हात नेला.
मीही हॉर्न दिला, रामराम.
असं अकरा दिवस.
घरी सांगितलं,
लोक आता ओळखायला लागलेत.

बाराव्या दिवशी जळका वास आला.
गोडोलीत इलाही मुजावरनं बॉनेट उघडलं,
वितळलेला होल्डर पकडीनं ओढून
माझ्या तळहातावर ठेवला,
जुन्या चिंचेच्या गोळ्यासारखा.
"रिले न्हाई, फ्यूज न्हाई.
गाडी पेटायची वाट बघत हुतास?"
मग दिव्याच्या वाटीवर नख वाजवून म्हणाला,
"ही वाटी जुन्या बल्बच्या मापाची.
हिच्यात ह्यो कोंबला की उजेड उतू जातो.
रस्त्याला कमी, दुसऱ्याच्या डोळ्यांत जास्त."

भिंगवाले दिवे कोल्हापूरहून आले.
बॅटरीपासून वेगळी जाड वायर, रिले, फ्यूज,
सगळं त्यानं नव्यानं ओढलं.
बल्बच्या काचेला बोट लावू देईना,
चालू दिव्याच्या डबीजवळ हात नेला
तर मनगटावर चापट.
निळा रंग मागितला, तर म्हणाला,
"धुक्यात निळं म्हंजे चुन्याची भिंत.
दुपारच्या उन्हाचा घे."

संध्याकाळी गोदामाच्या भिंतीपासून
पंचवीस फुटांवर गाडी लावली, टेपनं मोजून.
दिव्याच्या उंचीला खडूची रेघ,
तिच्याखाली दोन इंचांवर दुसरी.
मी म्हटलं, झालं ना?
"गठ्ठे कुठायत?"
ते पहाटे येतात.
"मग पहाटे ये. मागं वजन पडलं
की गाडी नाक वर करती. माणसागत."

पहाटे तो लुंगीवरच आला, खिशात स्क्रूड्रायव्हर.
गठ्ठ्यांसकट गाडी पुन्हा भिंतीसमोर.
पाव आटा, अर्धा आटा, पुन्हा पाव मागं,
उजेड खालच्या रेघेवर येऊन बसला,
डावीकडं जरासा चढता,
कडेनं चालणारं माणूस दिसावं म्हणून.

"आता समोर जा. अजून लांब.
वाक. मोटारसायकलवर बसल्यागत वाक."
गेलो, वाकलो.
दोन दिवे दिसले. दिव्यांमागं गाडी दिसली,
गाडीशेजारी इलाहीची लुंगीसुद्धा.
"आता हे बघ," म्हणाला,
आणि काढून ठेवलेली जुनी वाटी हातात धरून,
माझ्या चौदाशेच्या बल्बसकट,
सुट्या बॅटरीला जोडली.

सगळं पांढरं.
रस्ता नाही, भिंत नाही, पाय कुठं आहेत ते नाही.
आणि माझा हात
आपोआप कपाळापर्यंत गेला.

इलाहीनं बॅटरी सोडवली.
मी तसाच वाकून उभा,
हात तिथंच.
तो म्हणाला, "काय झालं रं?"
काही नाही म्हटलं.

केळघरच्या अलीकडं त्या दिवशी धुकं होतं.
किटल्यांचा आवाज आधी आला, मग तो.
दोन्ही हात हँडलवर,
नजर सरळ.
पहिल्यांदाच त्याचा चेहरा दिसला,
मिशा पिकलेल्या, कानाला मफलर.
त्यानं रामराम केला नाही.
माझा अंगठा हॉर्नवर होता,
तो मी हळूच काढून घेतला.